'अमेरिकन', 'कॅनेडियन' आणि 'नवी मुंबईकर' : एका स्थलवाचक विशेषणाची चिकित्सा

पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे शीर्षक दिले. या शीर्षकात 'अमेरिका' हा शब्द नाही, ही बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रमाबाईंना खंड आणि राष्ट्र यांतील भेद नेमका ठाऊक होता आणि तो भाषेत राखला पाहिजे असे त्यांना वाटत असावे. पुढे मराठी भूगोलाच्या पुस्तकांतून 'संयुक्त संस्थाने' हा शब्द बराच काळ चालत राहिला. आज तो जवळपास लुप्त झाला आहे. 'मुलगा अमेरिकेला असतो' या वाक्याचा अर्थ कोणत्याही मराठी घरात एकच होतो. मुलगा टोरांटोला असेल तर तो 'कॅनडाला' असतो. तोही अमेरिका खंडातच राहतो हे खरे असूनही त्याला 'अमेरिकेतला' म्हणणे चूक ठरते. एका खंडाचे नाव त्यातील एका राष्ट्राने घेतले आणि उरलेल्यांनी ते सोडून दिले, हा व्यवहार मराठीनेही निमूटपणे मान्य केला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा व्यवहार आहे. समग्राचे नाव त्याच्या एका बलवान अंशाकडे जाते तेव्हा शेजारी राहणाऱ्यांची त्या नावाविषयी कोणती वृत्ती तयार होते, याचे बहुचर्चित उदाहरण कॅनडाचे आहे. परंतु त्याचे तितकेच बोलके उदाहरण ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत घडले असून त्याची भाषिक अंगाने चर्चा फारशी झालेली नाही.

शेजाऱ्याचा नकार

मार्टिन वाल्डझेम्युलर या नकाशाकाराने १५०७ मध्ये आमेरिगो व्हेस्पुची या दर्यावर्दीच्या नावावरून नव्या भूप्रदेशाला 'अमेरिका' असे नाव दिले, तेव्हा ते नाव आजच्या दक्षिण अमेरिकेच्या भागावर लिहिले होते. १७७६ मध्ये स्वतंत्र झालेल्या तेरा वसाहतींनी आपल्या संघाला दिलेले नाव हे वस्तुतः नाव नसून वर्णन होते : अमेरिकेतील एकत्र आलेली राज्ये. वर्णनाला नागरिकवाचक विशेषण लागत नाही. 'संयुक्त संस्थानी' असे कोणी म्हणवून घेत नाही. तेव्हा उपलब्ध असलेला एकमेव सुटसुटीत शब्द त्यांनी घेतला आणि तो त्यांचाच झाला.

लॅटिन अमेरिकेने या बळकावणीस विरोध केला. क्यूबाचे कवी व क्रांतिकारक होसे मार्ती यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच 'आमची अमेरिका' असा दावा आहे. स्पॅनिश भाषेत उत्तरेकडील राष्ट्राच्या नागरिकासाठी 'एस्तादोउनिदेन्से' असा स्वतंत्र शब्द रूढ आहे, म्हणजे त्या भाषेने वर्णनावरूनही विशेषण घडवून दाखविले. कॅनडाने मात्र याच्या नेमका उलट मार्ग स्वीकारला. कॅनेडियन माणूस 'आम्हीही अमेरिकनच' असा दावा करत नाही. 'आम्ही अमेरिकन नाही' असे सांगतो. परदेशात कोणी त्याला तसे संबोधले तर तो सभ्यपणे परंतु न चुकता दुरुस्ती करतो. शेजारच्या देशाचा उल्लेख तो बोलताना बहुधा 'स्टेट्स' असा करतो आणि त्या देशाच्या माणसाला मात्र 'अमेरिकन' हा शब्द मोकळ्या हाताने देऊन टाकतो.

हा नकार केवळ नापसंतीतून आलेला नाही. १७८३ नंतर ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक नव्या प्रजासत्ताकातून उत्तरेकडे गेले. इंग्रजी भाषक कॅनडाच्या घडणीतील एक मोठा थर या स्थलांतरितांचा आहे. १८१२ च्या युद्धात दक्षिणेकडून आक्रमण झाले. १८६७ मध्ये संघराज्य स्थापन करणाऱ्या कायद्याचे नाव 'ब्रिटिश नॉर्थ अमेरिका अॅक्ट' असे होते आणि १९८२ मध्ये त्याच कायद्याला 'कॉन्स्टिट्यूशन अॅक्ट, १८६७' असे नवे नाव मिळाले. म्हणजे देशाच्या मूळ घटनात्मक दस्तऐवजाच्या मथळ्यातूनही 'अमेरिका' हा शब्द निघून गेला. पियरे ट्रुडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे पत्रकारांसमोर या शेजाराची तुलना हत्तीशेजारी झोपण्याशी केली होती. हत्ती कितीही प्रेमळ असला तरी त्याच्या प्रत्येक हालचालीची झळ शेजाऱ्याला लागते, असा त्यांचा आशय होता. २००० मध्ये एका मद्यनिर्मात्या कंपनीच्या जाहिरातीत एक सामान्य तरुण व्यासपीठावर येऊन आपण अमेरिकन कसे नाही हे एकामागून एक सांगतो. ती जाहिरात तेथे जवळपास राष्ट्रीय घोषणापत्राच्या पदवीला पोहोचली. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२४ च्या अखेरीपासून कॅनडाचा उल्लेख 'एक्कावन्नावे राज्य' असा करण्यास सुरुवात केल्यावर आणि पाठोपाठ आयातशुल्क लावल्यावर, मार्च २०२५ मध्ये कॅनडातील अनेक प्रांतांच्या सरकारी दुकानांनी अमेरिकन मद्य फळ्यांवरून उतरवले. दैनंदिन उच्चारातला नकार येथे व्यवहारात उतरला.

वाङ्मयीन समीक्षेतही याचे पडसाद आहेत. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९६५ मध्ये कॅनेडियन साहित्याच्या इतिहासाला जोडलेल्या समारोपात, तेथील लेखकाला स्वतःच्या ओळखीपेक्षा आपण उभे आहोत ते ठिकाण कोणते हा प्रश्न अधिक छळतो, असे प्रतिपादन केले. मार्गारेट अॅटवुड यांनी १९७२ च्या 'सर्व्हायव्हल' या ग्रंथात तग धरून राहणे हे त्या साहित्याचे केंद्र मानले. दोघांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि ते बव्हंशी रास्तही आहेत. तथापि ठिकाणाचा प्रश्न ओळखीच्या प्रश्नाआधी येतो, हा फ्राय यांचा मुद्दा पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. नकार देणाऱ्याच्या स्वतःच्या नावातही कोणाचे तरी नाव दडपलेले असते. 'कॅनडा' हा शब्द सेंट लॉरेन्स नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील 'कनाटा' या शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ आहे 'गाव'. १५३५ मध्ये जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीला वाटाड्यांनी गावाची वाट दाखवली. त्याने ते देशाचे नाव समजून घेतले. पुढे दोन शतके 'कानाडियाँ' म्हणजे तेथे रुजलेला फ्रेंच भाषक. इंग्रजी भाषकांनी तोच शब्द स्वतःसाठी वापरण्यास सुरुवात केल्यावर १९६० नंतरच्या दशकात फ्रेंच भाषकांनी 'केबेक्वा' हे नवे विशेषण धारण केले. ज्यांच्या भाषेतून 'गाव' हा शब्द आला त्यांच्याकडे तर कोणी विचारणाच केली नाही. शेजाऱ्याच्या अतिव्याप्त शब्दाला नकार देणारा समाज स्वतःचा शब्द वापरताना तेवढा हळवा राहतोच असे नाही.

'मुंबई' या शब्दाची व्याप्ती

'मुंबई' हा शब्द मराठी माणसाला एका शहराचे नाव वाटतो. इतिहासात मात्र तो 'अमेरिके'सारखाच विस्तीर्ण होता. मुंबई इलाख्यात सिंध होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा झाला. १ नोव्हेंबर १९५६ पासून अस्तित्वात आलेल्या द्वैभाषिक राज्याचे नाव 'मुंबई राज्य' हेच होते, त्यात कच्छ होता आणि विदर्भही होता. 'मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६०' याच्या शब्दांकडे बारकाईने पाहिले तर एक गंमत आढळते. त्या कायद्याने गुजरात हे नवे राज्य निर्माण केले आणि उरलेल्या मुंबई राज्याला 'महाराष्ट्र' असे नाव दिले. भावनेच्या पातळीवर १ मे १९६० हा महाराष्ट्राचा जन्मदिवस आहे. कायद्याच्या पातळीवर तो मुंबईचे नामांतर झाल्याचा दिवस आहे.

त्या विस्तीर्ण 'मुंबई'चे अवशेष अद्याप शिल्लक आहेत. पणजीच्या पक्षकाराचा दावा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालतो. सावंतवाडीच्या विद्यार्थ्याची पदवी मुंबई विद्यापीठाची असते. तुर्भे येथील घाऊक बाजारात पहाटे कांद्याच्या गोण्या उतरतात, त्या बाजाराची संस्था 'मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती' आहे. ती मुंबईत नाही. या विस्ताराविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, कारण संस्थेच्या नावातील 'मुंबई' हे अधिकाराचे नाव मानले जाते, वस्तीचे नव्हे. प्रश्न उद्भवतो तो 'मुंबई'ला 'कर' हा प्रत्यय लागल्यावर.

मराठीतील 'कर' हा प्रत्यय वरवर साधा आहे. वस्तुतः तो निघून गेलेल्या माणसाचा प्रत्यय आहे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावण्याचे कारण पडत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर तेथील लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागतात. ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या खाडीकिनाऱ्यावरील आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, घरत, नाईक, कोळी अशी आडनावे प्रामुख्याने आढळतात, 'कर'कारान्त आडनावे तुलनेने कमी, याचे एक कारण हेही असू शकेल. 'मुंबईकर' या शब्दाचा कोकणातील वापर या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गणपतीच्या दिवसांत वाडीवर 'मुंबईकर आले' असे म्हटले जाते, तेव्हा आलेला माणूस त्याच वाडीचा असतो. तो विरारला राहत असो, डोंबिवलीला राहत असो की नेरूळला, वाडीच्या लेखी तो मुंबईकरच. तोच माणूस दादरला एखाद्या सभेत गेला तर तेथे त्याला 'नवी मुंबईहून आलेले' म्हणून ओळख करून दिली जाते. एकाच व्यक्तीला संगमेश्वरात मिळणारे विशेषण दादरला नाकारले जाते. खुद्द दादरही एके काळी शहराबाहेर होते आणि अंधेरीहून फोर्टात जाणारा माणूस आजही 'मुंबईला चाललो' म्हणताना ऐकू येतो, ही बाब निराळी.

'नवी' या शब्दाचे दोन रहिवासी

खाडीपलीकडच्या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. बेटावरची उत्तर-दक्षिण कोंडी फोडून शहर पूर्वेकडे, पाण्यापलीकडे न्यावे, अशी ती योजना होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. तत्कालीन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकलगाडी आली, त्याच वर्षी १ जानेवारीस नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली.

या शहराला 'नवी मुंबई' असे नाव देताना कोणता विचार झाला असेल हे त्याच्या हेतूवरून सहज समजते. मुंबईकडे येणारा लोंढा वळवायचा तर येणाऱ्याला आपण मुंबईलाच पोहोचलो असे वाटले पाहिजे. नाव हे येथे आमंत्रण होते. ते आमंत्रण मुंबईत जागा न परवडणाऱ्या मध्यमवर्गासाठी, बँकेतील कारकुनासाठी, माथाडी कामगारासाठी, व्यापाऱ्यासाठी होते. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहायचे होते त्यांच्यासाठी ते असणे शक्यच नव्हते. ते आधीपासूनच तेथे होते आणि त्यांच्या बोलण्यात 'मुंबई' हे खाडीपलीकडच्या ठिकाणाचे नाव होते. मासळी, भाजी आणि पावटा घेऊन जायचे ते ठिकाण.

म्हणूनच 'नवी मुंबईकर' या एका शब्दात दोन भिन्न वृत्ती नांदतात. पहिली सेक्टरमध्ये राहणाऱ्याची. त्याला 'मुंबई' हवी आहे. पिनकोड ४०० ने सुरू होतो, दूरध्वनीचा संकेतांक ०२२ आहे, याचे त्याला समाधान असते. गाडीच्या पाटीवर मात्र एमएच ४३ येते आणि सिग्नलवर उभे असताना ती लपवता येत नाही. रुंद रस्ते, सायंकाळची शांतता यांचा अभिमान सांगताना तो 'मुंबईपेक्षा' हा शब्द वापरतो, म्हणजे मोजपट्टी तीच राहते. ही वृत्ती कॅनेडियन माणसाच्या वृत्तीशी जुळते, पण अर्धीच : श्रेष्ठत्व सांगायचे, मात्र नाव सोडायचे नाही. खारघर आणि कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत, जिल्हाही रायगड. तरी तेथील पत्त्यांवर 'नवी मुंबई' लिहिले जाते. पनवेल हे जुने, स्वतःची बाजारपेठ असलेले गाव. त्याचे नाव लावण्यात कमीपणा का वाटावा, याचे उत्तर घराच्या दरात शोधावे लागेल.

दुसरी वृत्ती गावठाणातल्या माणसाची. तो खऱ्या अर्थाने कॅनेडियन भूमिकेवर आहे. 'मुंबईकर' हा शब्द त्याने कधी मागितला नाही. आपण कुठले असे विचारल्यास तो करावे, दारावे, घणसोली, दिवाळे, वाघिवली असे गाव सांगतो. पण त्याची कोंडी कॅनडाहून अधिक बिकट आहे. कॅनडाने शेजाऱ्याचे नाव नाकारले तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे नाव होते, 'गाव' या अर्थाचेच का असेना, पण सबंध देशाला पुरेल असे. येथे क्रम उलटला. सिडकोने शहराचे चौदा नोड आखले आणि त्यांना बव्हंशी गावांची नावे दिली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, नेरूळ ही गावे होती, ती नोड झाली. समग्राला शेजारच्या शहराचे नाव मिळाले आणि गावाचे नाव गावापासून काढून सेक्टरांना लावले गेले. परिणामी आज 'नेरूळ' म्हटले की टोलेजंग इमारती डोळ्यांपुढे येतात आणि खुद्द नेरूळ गावाला 'नेरूळ गाव' असे वेगळे सांगावे लागते. स्वतःच्या नावासाठी पुरवणी शब्द जोडावा लागणे, ही नामहानीची खूण होय.

'प्रकल्पग्रस्त' आणि 'भूमिपुत्र'

शासकीय भाषेने या रहिवाशाला तिसरेच नाव दिले : 'प्रकल्पग्रस्त'. 'ग्रस्त' हा शब्द पूर, दुष्काळ, रोग यांच्या मागे लागतो. माणसाचे नाते जमिनीशी न सांगता त्याच्यावर कोसळलेल्या घटनेशी सांगणारे हे विशेषण आहे आणि ते तिसऱ्या पिढीपर्यंत वारसाहक्काने चालत आले आहे. ज्याचा जन्म वाशीचा पूल झाल्यानंतर वीस वर्षांनी झाला, ज्याने शेती पाहिलीही नाही, तोही कागदोपत्री प्रकल्पग्रस्तच. गावठाणाच्या हद्दीबाहेर कुटुंब वाढले म्हणून बांधलेल्या घरांना शहराची भाषा 'अनधिकृत' म्हणते, गावाची भाषा 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणते. ही दुसरी संज्ञा शासनाच्या निर्णयांतही आली, हे गावाच्या भाषेचे एक दुर्मिळ यश मानावे लागेल.

या नावाला उत्तर म्हणून 'भूमिपुत्र' हा शब्द पुढे आला. त्याचा प्रवास विलक्षण आहे. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत हा शब्द मराठी माणसाने बाहेरून आलेल्यांविरुद्ध उच्चारला. खाडी ओलांडल्यावर त्याचे टोक फिरले. येथे तो मुंबईतून, घाटावरून आणि कोकणातून आलेल्या मराठी माणसालाही उद्देशून उच्चारला जातो. भाषा एक असल्याने वेगळेपण सांगण्यासाठी भूमीखेरीज दुसरा आधार उरत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या कॅनेडियन माणसाचीही अडचण नेमकी हीच आहे. परक्याला त्याचा उच्चार शेजाऱ्याहून वेगळा ऐकू येत नाही, म्हणूनच त्याला शब्दाने वेगळेपण सांगावे लागते. आगरी बोली हा येथील वेगळेपणाचा भक्कम आधार ठरू शकला असता. परंतु शाळेतून आणि मनोरंजनातून तिला विनोदापुरते स्थान मिळाले, त्यात शहरी मराठी समाजाचा वाटा मोठा आहे.

१६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. या लढ्याचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी केले आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्यातून आकारास आले. 'साडेबारा टक्के' हा शब्दप्रयोग आज येथे नामासारखा वापरला जातो. नव्या विमानतळाच्या नावावरून २०२१ मध्ये उसळलेला वाद या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. त्या वर्षी २४ जून रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूर येथे सिडकोच्या कार्यालयावर हजारो लोक गेले. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाला मंजुरी दिली. वृत्तपत्रांनी या घटनाक्रमाचे वर्णन राजकीय पक्षांमधील रस्सीखेच असे केले, ते अपुरे आहे. शहराच्या नावात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी शहराच्या सर्वांत मोठ्या वास्तूच्या नावात ती मागितली, हा या मागणीचा भाषिक अर्थ आहे.

गावाचे नाव टिकल्याचीही उदाहरणे आहेत आणि ती अनपेक्षित ठिकाणी आहेत. उरणजवळचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याला पंडित नेहरूंचे नाव आहे. परंतु जगभरातील जहाज कंपन्यांच्या कागदपत्रांत त्याची नोंद 'न्हावा शेवा' अशीच होते. रॉटरडॅमचा कारकून ज्या नावाने कंटेनर पाठवतो, ते नाव दोन खाडीकाठच्या गावांचे आहे. रेल्वेने ज्या स्थानकाला 'सीवूड्स' हे इमारत-विकासकाच्या माहितीपत्रकाला शोभणारे नाव दिले, त्याच्या पाटीवर 'दारावे' हे गाव जोडून आले. राज्यशासनानेही नकळत एक साक्ष देऊन ठेवली आहे. बेलापूर येथील विभागीय आयुक्तांच्या इमारतीचे नाव 'कोकण भवन' आहे आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे प्रशासकीयदृष्ट्या कोकण विभागातच मोडतात. म्हणजे महसुली नकाशावर मुंबई ही कोकणाचा भाग आहे आणि त्या विभागाचे मुख्यालय खाडीच्या पूर्वेस आहे. दादरचा रहिवासी मात्र स्वतःस बेलापूरच्या अखत्यारीतील समजत नाही.

महानगरी साहित्याचा भूगोल

मराठी समीक्षेत 'महानगरी साहित्य' ही संज्ञा वापरली जाते तेव्हा तिचा अर्थ जवळजवळ नेहमीच खाडीच्या पश्चिमेला संपतो. तथापि या परंपरेतील महत्त्वाच्या कृतींची शीर्षके पाहिली तर त्यांत 'मुंबई' क्वचितच आहे. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' ही कादंबरी १९६५ ची, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा, मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी', अरुण कोलटकर यांचा २००४ मधील इंग्रजी संग्रह 'काळा घोडा पोएम्स' : सर्वत्र नाव आहे ते नाक्याचे, वस्तीचे, खाडीचे, चौकाचे. 'मुंबईकर' या शब्दावर ज्यांचा सर्वांत पक्का हक्क होता त्या लेखकांनी तो शब्द बाजूला ठेवून लहान ठिकाण निवडले. महानगराचे मोठे नाव जाहिरातीला, चित्रपटाला, राजकारणाला उपयोगी पडते. साहित्याला नाका पुरतो.

नवी मुंबईच्या वाट्याला असे नाके अद्याप आलेले नाहीत, याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. 'सेक्टर १७' या शब्दाला आठवण चिकटण्यास वेळ लागतो, कारण क्रमांकाला भूतकाळ नसतो. आठवण असलेली नावे आहेत ती गावठाणांची, बंदिस्तींची, मिठागरांची, देवळांची. आणि ती ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांच्या हाती छापखान्याची, संपादकाची, अभ्यासमंडळाची सूत्रे आलेली नाहीत. नव्या शहरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी गेल्या तीन दशकांत दक्षिण मुंबईच्या साहित्यावर प्रबंध करवून घेतले. आवाराच्या कुंपणापलीकडे असलेल्या गावातील बोली, गाणी, जमिनीच्या संपादनाच्या तोंडी कथा यांची पद्धतशीर नोंद त्या तुलनेत नगण्य आहे. आपण उभे आहोत ते ठिकाण कोणते हा फ्राय यांचा प्रश्न येथे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनाही विचारता येईल. अमेरिका व कॅनडातील मराठी मंडळांची शिखर संस्था आपल्या नावात 'उत्तर अमेरिका' असे लिहिते. टोरांटोच्या मराठी माणसाला नुसत्या 'अमेरिका' या शब्दात आपण मावत नाही हे तेथील लोकांनी ओळखले आणि 'उत्तर' हा एक शब्द वाढवला. 'नवी' या शब्दाने मात्र तसे काम केलेले नाही. त्याने नुकते आलेल्यांना आत घेतले आणि जुन्यांना जुने ठरवले.

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ते पनवेल तालुक्यात आहे, नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर. तिकिटावरील तीन अक्षरे मात्र 'एनएमआय'. त्याच्या जागेसाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे यांसह दहा गाववस्त्या उठल्या. उठलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी सिडकोने जो नोड वसवला त्याला कोणत्याही गावाचे नाव मिळाले नाही. त्याचे नाव 'पुष्पकनगर' आहे. ज्या विमानांसाठी गाव गेले, त्यांच्यातल्याच एका पौराणिक विमानाचे नाव आता त्या माणसांच्या पत्त्यात आहे.